अवघ्या ५७६०० बॉडमध्ये ड्रोनशी बोला

हे मार्गदर्शन बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला ‘स्वयंचलित ड्रोन’ हा प्रकल्प आधी निवडून मग त्यात काय काय असते याची चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मोटारी कुठल्या घ्यायच्या, प्रॉपेलर सुलटे कुठले आणि उलटे कुठले, हे तुम्हाला यूट्यूबवर कोणीतरी सांगितलेलेच आहे. ड्रोन उडेल. तो तुमचे ऐकेल का, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो मॅव्हलिंक नावाच्या प्रोटोकॉलने सोडवायचा असतो.

मॅव्हलिंक झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात लोरेन्झ मायर या विद्यार्थ्याने तयार केले आणि २००९ साली सगळ्यांसाठी खुले केले. त्यालाही ड्रोनच करायचा होता, कॅमेऱ्याने बघून आपला आपण उडणारा. हवे तसे हार्डवेअर मिळेना, म्हणून त्याने आणि सोबतच्या विद्यार्थ्यांनी पिक्सहॉक केले. ड्रोनने जमिनीशी बोलायचे कसे हे ठरलेले नव्हते, म्हणून मॅव्हलिंक केले. जमिनीवरून बघायला सॉफ्टवेअर नव्हते, म्हणून क्यूग्राउंडकंट्रोल केले. हा इतिहास तुमच्या गाइडला सांगू नका. विद्यार्थ्यांकडून त्यांच्या अपेक्षा वाढतील.

आज आर्डुपायलट आणि पीएक्स४ ही दोन्ही मोकळी फर्मवेअर मॅव्हलिंक बोलतात, त्यामुळे तुमच्या हातातला फ्लाइट कंट्रोलर बहुधा बोलेलच. डीजेआयचे ड्रोन स्वतःची बंद भाषा बोलतात. त्यामुळे ते व्यवस्थित चालतात आणि विद्यार्थ्याला त्यातून काहीही शिकायला मिळत नाही.

जोडणी

टेलिमेट्री रेडिओची जोडी येते, एक ड्रोनवर बसतो आणि एक लॅपटॉपला. हातातला रिमोट वेगळा आणि हा वेगळा. कॅमेऱ्याचे चित्र खाली पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर तिसरा. तिन्हींपैकी एक चालू आहे म्हणून बाकीचे दोन चालू असतील असे समजणे ही प्रकल्पाची पहिली पायरी होय.

रेडिओवर ४३३ किंवा ९१५ मेगाहर्ट्‌झ असे छापलेले असते. ९१५ हा अमेरिकेतला मोकळा पट्टा. आपल्याकडे त्याला लागूनच मोबाइल कंपन्या बसलेल्या आहेत. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, तेव्हा त्यात चालणारा रेडिओ मागा. दुकानदार ‘सगळे हाच नेतात’ म्हणत ९१५ पुढे करील. सगळे तोच नेतात हे खरे आहे.

अँटेना लावल्याशिवाय रेडिओला वीज देऊ नका. अँटेना लावली की तिचे टोक ड्रोनकडे रोखून धरण्याचा मोह होतो आणि फोटोतही ते बरे दिसते. पण सरळ दांडीच्या अँटेनातून लहरी दांडीच्या चहूबाजूंना पसरतात, टोकाच्या दिशेने जवळपास काहीच जात नाही. म्हणजे ज्या एका दिशेला आपला आवाज पोचणार नाही, ती दिशा शोधून तुम्ही नेमकी तिथे ड्रोन ठेवलेला असतो. अँटेना उभी ठेवा. त्यात शौर्य कमी दिसते, पण लिंक टिकते.

आता बॉड रेट. रेडिओवरून जोडताना ५७६००, यूएसबी केबलने जोडताना ११५२००. पहिली संध्याकाळ हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरून पाहण्यात आणि चुकीचा कॉम पोर्ट निवडण्यात घालवायची असते, ती तशीच घालवा. ५७६०० म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, आणि दर बाइटमागे सुरुवातीचा व शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ५७६० बाइट. त्यातही हे रेडिओ आळीपाळीने बोलतात, एक बोलत असताना दुसऱ्याने ऐकायचे. एवढ्याशा वाटेने ड्रोनचे सगळे आयुष्य खाली यायचे आहे. तो कुठल्या कोनात झुकला आहे हे सांगणारा संदेश ४० बाइटचा. तो सेकंदाला दहा वेळा आला तर ४०० बाइट गेले. ‘पडदा हलताना गुळगुळीत दिसला पाहिजे’ म्हणून कोणीतरी दहाचे पन्नास करतो आणि २००० बाइट त्या एका संदेशालाच लागतात. मग ‘खाली उतर’ ही तुमची आज्ञा रांगेत उभी राहते. पडदा मात्र गुळगुळीत दिसतो.

एका पॅकेटात काय असते

हा भाग व्हायवाला विचारतात, म्हणून वाचा.

मॅव्हलिंकच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पॅकेट २५३ या आकड्याने सुरू होते (पहिल्या आवृत्तीत २५४). पुढे मजकूर किती बाइटचा आहे ते, खुणांचे दोन बाइट, अनुक्रमांक, पाठवणाऱ्याचा क्रमांक, त्याच्यातल्या कुठल्या भागाने पाठवले त्याचा क्रमांक, संदेश कुठला आहे त्याचा क्रमांक, मग खुद्द मजकूर आणि शेवटी पडताळणीचे दोन बाइट. मजकूर सोडून एकूण १२ बाइट, आणि मजकूर जास्तीत जास्त २५५. एक्स्टर्नलना एवढे पुरते.

पडताळणीत मात्र एक गंमत आहे. प्रत्येक प्रकारच्या संदेशाच्या व्याख्येवरून, म्हणजे त्यात कुठले रकाने कुठल्या क्रमाने आहेत त्यावरून, एक आकडा काढलेला असतो. हा आकडा पाठवत कधीच नाहीत. पाठवणारा तो आपल्या पडताळणीत मिसळतो आणि घेणारा आपल्या. दोघांकडच्या व्याख्या सारख्या असतील तर उत्तर जुळते. तुमच्या गटातल्या एकाने हौसेने संदेशात नवा रकाना घातला, ड्रोनवरचे कोड बदलले आणि लॅपटॉपवरचे बदलायचे राहिले, तर संदेश निघतो, हवेतून सुखरूप येतो, पडताळणीत नापास होतो आणि टाकून दिला जातो. त्याबद्दल कोणी कोणाला काही कळवत नाही. या अवस्थेत गटातले लोक अँटेना बदलतात.

अनुक्रमांक शून्यापासून २५५ पर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो. ४१ नंतर थेट ४४ आला तर मधले दोन हरवले असे धरायचे. पडद्यावर ‘लिंक ९७ टक्के’ दिसते ती या मोजणीतून. हरवलेली माहिती ड्रोन परत पाठवत नाही, आणि तेच योग्य आहे. अर्ध्या सेकंदापूर्वी तो कुठे होता हे आता कळून कोणाला काय करायचे आहे?

हार्टबीट

सेकंदाला साधारण एकदा ड्रोन एक छोटा संदेश सोडतो. हा संदेश क्रमांक शून्य, नाव हार्टबीट, पडताळणीसकट २१ बाइट. मी अमुक प्रकारचे वाहन आहे, माझ्यावर अमुक फर्मवेअर आहे, मी अमुक मोडमध्ये आहे, माझी अवस्था ही, एवढेच त्यात असते. वाहनांची यादी वाचण्यासारखी आहे. चार पंख्यांचा ड्रोन २, हवेत मोकळा सोडलेला फुगा ८, पाणबुडी १२ आणि पतंग १७. संक्रांतीला मॅव्हलिंकवरून हजेरी लावायची सोय करून ठेवलेली आहे, मांज्यावर रेडिओ बसवणारा तेवढा भेटायचा आहे.

अवस्थेच्या यादीत ३ म्हणजे जमिनीवर तयार, ४ म्हणजे कामात, ५ म्हणजे बिघाड झालाय पण अजून दिशा धरून आहे. ६ म्हणजे ताबा गेला आहे आणि मी खाली येत आहे. तेवढे सांगायला एक बाइट पुरतो. लॅपटॉपही स्वतःचा हार्टबीट वर पाठवत असतो, आणि वाहनांच्या यादीत ग्राउंड स्टेशनचा क्रमांकही ६ आहे. यात कोणी अर्थ शोधू नये.

नवशिक्याने लक्षात ठेवायची गोष्ट इथे येते, आणि ती कुठल्याही मेन्यूत सापडत नाही. पडद्यावर जो दिसतो तो ड्रोन नव्हे. ती त्याच्याकडून आलेली शेवटची खबर असते. ड्रोन सेकंदाला दहा मीटर जात असेल आणि खबर सेकंदाला दोनदा येत असेल, तर नकाशावरचे चिन्ह खऱ्या ड्रोनच्या चार-पाच मीटरपर्यंत मागून फरफटत असते. खबर थांबली की चिन्हही थांबते. क्षितिजरेषा सरळ, उंची स्थिर, वेग ठरल्याप्रमाणे, सगळे छान दिसते. उडणारा ड्रोन थोडाफार डुलतो, आकडे शेवटच्या घरात तरी बदलत राहतात. कुठलाच आकडा हलत नसेल तर कौतुक थांबवून आकाशात बघा.

कोणाशी बोलतो आहोत

प्रत्येक ड्रोनला १ ते २५५ मधला एक सिस्टिम आयडी असतो. आर्डुपायलटमध्ये आपण बदलेपर्यंत तो १ असतो. ग्राउंड स्टेशन रिवाजाने २५५ घेते. एकाच ड्रोनच्या आत ऑटोपायलट १, कॅमेरा १००, गिंबल १५४, सोबतचा छोटा संगणक १९१, असे विभागवार क्रमांक असतात, म्हणजे ‘फोटो काढ’ ही आज्ञा मोटारींकडे जात नाही. सिस्टिम आयडी शून्य लिहिला तर आज्ञा ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी असते. शून्य जपून लिहा.

रेडिओच्या जोडीचाही नेट-आयडी नावाचा क्रमांक असतो, तो मूळचा २५. दोन्ही क्रमांक बदलायचे असतात हे माहितीपत्रकात लिहिलेले आहे, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या मैदानावर गेलात की ते किती जणांनी वाचले ते कळते. शेजारच्या तंबूतल्या गटाचाही नेट-आयडी २५ आणि ड्रोन १. मग तुमच्या नकाशावर एकच ड्रोन कधी मैदानाच्या या टोकाला तर कधी त्या टोकाला दिसू लागतो, बॅटरी ४० टक्क्यांवरून ९० वर जाते आणि परत येते. परीक्षकांना याला ‘रिअल टाइम डेटा’ म्हणून सांगता येईल. तुम्ही ‘उतर’ म्हटल्यावर शेजारचा उतरला तर मात्र तंबू सोडावा लागेल.

कारण पहिल्या आवृत्तीत पाठवणारा कोण हे तपासायची सोयच नव्हती. २५५ म्हणून जो बोलेल तो मालक. दुसऱ्या आवृत्तीत सही आली. दोन्हीकडे ३२ बाइटची एक गुप्त किल्ली ठेवायची, त्या किल्लीने प्रत्येक पॅकेटाला १३ बाइटचे शेपूट जोडायचे. त्यात सहा बाइटची वेळ असते, १ जानेवारी २०१५ पासून दहा-दहा मायक्रोसेकंदांनी मोजलेली, म्हणजे कोणी तुमचे जुने पॅकेट पकडून उद्या परत सोडले तर ते नाकारले जाते. सहीने पाठवणारा कळतो, मजकूर झाकला जात नाही. तुमचा ड्रोन कुठे आहे हे ऐकणाऱ्याला ऐकू येतेच. सही ठेवायची की नाही हे आपल्यावर असते, त्यामुळे ती बहुतेक ठिकाणी नसते. वायफायवरून ड्रोन उडवणाऱ्यांनी आणि वायफायचा पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आज्ञा देणे

आज्ञेचे पॅकेट साधे आहे. आज्ञेचा क्रमांक आणि सोबत सात आकडे. उडण्याची आज्ञा २२, उतरण्याची २१, घरी परतण्याची २०, मोटारी आर्म (फिरायला सज्ज) किंवा डिसार्म (बंद) करण्याची ४००. सात आकड्यांपैकी कुठला कशाचा हे आज्ञेनुसार बदलते. उड्डाणाला किती उंच जायचे ते सातव्या जागी लिहायचे. पहिल्या जागी लिहिलेत तर ड्रोन तो आकडा वेगळ्या अर्थाने घेईल किंवा सोडून देईल, आणि सातव्या जागचे शून्य मीटर वाचून जमिनीवरच राहील.

आर्म करायला गेलात की ड्रोन आधी नाही म्हणतो. का, ते पन्नास अक्षरांच्या आत लिहून पाठवतो: कंपासचे कॅलिब्रेशन नाही, जीपीएसला अजून पुरेसे उपग्रह नाहीत, बॅटरी कमी. यावर इंटरनेटवर सर्वत्र मिळणारा उपाय असा की आर्मिंग चेक शून्य करावा, म्हणजे तपासण्याच बंद. ड्रोन तत्काळ तक्रार थांबवतो. याहून घाई असेल तर आज्ञा ४०० च्या दुसऱ्या जागी २११९६ लिहावे. हा ‘काही विचारू नकोस’ या अर्थाचा ठरवून ठेवलेला आकडा आहे. आर्म करताना लिहिला तर तपासण्या डावलून आर्म. डिसार्म करताना लिहिला तर हवेत असला तरी मोटारी जागच्या जागी बंद. एकच आकडा दोन्हीकडे चालतो, त्यामुळे पाठ करायला सोपा.

आर्म झाल्यावर गटात चर्चा सुरू करू नका. दहाएक सेकंदांत उडाला नाही तर आर्डुकॉप्टर, म्हणजे आर्डुपायलटचा पंख्यांच्या ड्रोनसाठीचा अवतार, आपण होऊन डिसार्म होतो.

प्रत्येक आज्ञेला ड्रोन उत्तर देतो: स्वीकारली, आत्ता नाही जमत, नाकारली, मला येत नाही, प्रयत्न फसला, करतो आहे. ‘स्वीकारली’ हे उत्तर आले की टाळ्या वाजतात. स्वीकारली म्हणजे समजली आणि हाती घेतली, झाली नव्हे. प्रॉपेलर उलटे बसवलेला ड्रोनही उड्डाणाची आज्ञा स्वीकारतो आणि मग पाठीवर पडतो. उडाला की नाही ते उंची सांगणाऱ्या संदेशात बघायचे असते.

उत्तर आलेच नाही तर? याचे दोन अर्थ होतात. एक, आज्ञा पोचली नाही. दोन, आज्ञा पोचली, पाळली गेली आणि उत्तर येताना हरवले. जमिनीवर बसलेल्याला हे दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. लिंक तुटक असेल तेव्हा कितीही हुशार प्रोटोकॉल लिहिला तरी ही गाठ पूर्ण सुटत नाही, हे संगणकशास्त्रात पक्के ठरलेले आहे, तुमच्या गटाने नव्याने सिद्ध करायची गरज नाही. मॅव्हलिंक आज्ञा पुन्हा पाठवायला सांगते आणि कितव्यांदा पाठवतो आहोत ते एका रकान्यात लिहायला लावते, म्हणजे वरच्याला कळते की ही तीच जुनी आज्ञा आहे. ‘आर्म हो’ दोनदा म्हटल्याने काही बिघडत नाही. ‘एक बाटली टाक’ दोनदा म्हटल्याने बिघडू शकते. कोणती आज्ञा दुसऱ्यांदा दिली तर चालेल, याची यादी उडवण्याआधी कागदावर करा. पोस्टरपेक्षा या कागदावर वेळ घालवलेला बरा.

पायथनमधून ड्रोन हलवण्याची हौस असणाऱ्यांसाठी दोन सूचना. या संदेशांत उत्तर धन, पूर्व धन आणि खाली धन असते. दहा मीटर वर जायचे तर उणे दहा. धन दहा लिहिलेत तर ड्रोन जमिनीच्या पोटात दहा मीटर जाण्याचा प्रामाणिक प्रयत्न करील. दुसरी, कुठले रकाने वापरायचे ते बिटांनी कळवायचे असते, आणि तिथे १ म्हणजे ‘हा रकाना वाचू नको’. वेग पाठवायचा आहे म्हणून उत्साहाने वेगाचे तिन्ही बिट १ केले, की ड्रोन तुमचा वेग सोडून बाकी सगळे मनावर घेतो.

मिशन पाठवणे

एका मागोमाग दहा ठिकाणी जायचे असेल तर ती यादी आधी वर चढवावी लागते. इथे सूत्रे ड्रोनच्या हाती असतात. वाण्याला फोनवरून यादी सांगताना तो जसा आधी ‘किती जिन्नस?’ विचारतो आणि मग ‘हं, पहिला’ म्हणत एकेक उतरवून घेतो, तसा ड्रोन आधी संख्या घेतो आणि मग शून्य क्रमांक, एक क्रमांक असे स्वतः मागत जातो. मागितलेला आला नाही तर तोच परत मागतो. शेवटी एकदा पोच देतो. पोच येईपर्यंत यादी चढली असे समजू नका. दहापैकी नऊ ठिकाणे चढली म्हणजे नव्वद टक्के काम झाले, हा हिशेब हवेत चालत नाही.

ठिकाण म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची. पूर्वी हे आकडे फ्लोटमध्ये पाठवत. ३२ बिटांच्या फ्लोटला पुण्याचा रेखांश, म्हणजे ७३.८५ च्या आसपासचा आकडा, सुमारे ८० सेंटिमीटरच्या पायऱ्यांनीच लिहिता येतो. मधली जागा त्याच्यासाठी नाहीच. म्हणून आता अंश एक कोटीने गुणून पूर्णांकात पाठवतात आणि पायरी जेमतेम एक सेंटिमीटरवर येते. एक कोटीने गुणायला विसरलात तर ठिकाण आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, शून्य अक्षांश शून्य रेखांशाजवळ जाते. ड्रोनच्या दुनियेत तिथे बरीच गर्दी असणार.

क्रमही सांभाळा. गूगल मॅप्सवरून कॉपी केले तर आधी अक्षांश येतो. गूगल अर्थच्या केएमएल फाइलमध्ये आधी रेखांश येतो. दोन्ही एकाच कंपनीचे. मॅव्हलिंकला आधी अक्षांश लागतो. शनिवारवाड्याचे आकडे उलटे घातले तर ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर नावाच्या बेटाच्या साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला, थंड समुद्रात पडते. पीएक्स४ पहिलाच थांबा इतका लांब दिसला तर हरकत घेतो. सगळेच घेतील असे धरू नका. (शनिवारवाडा उदाहरणापुरता. तिथे उडवायचे नाही.)

उंची कशापासून मोजायची हेही पॅकेटात एका आकड्याने लिहिलेले असते. शून्य लिहिले तर समुद्रसपाटीपासून, तीन लिहिले तर उड्डाणाच्या जागेपासून. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. ‘३० मीटर’ लिहून पुढे शून्य ठेवलेत, तर पुण्यात याचा अर्थ जमिनीखाली ५३० मीटर. मुंबईच्या गटांचा ड्रोन याच चुकीत नुसता थोडा खाली उडतो आणि त्यांना वाटते आपले कोड बरोबर आहे.

आधी कॅनबेराला जाऊन या

हे सगळे खोलीत बसून, खऱ्या ड्रोनशिवाय करून बघता येते. आर्डुपायलटचा सिम्युलेटर चालू केला की ड्रोन ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या मॉडेल विमानांच्या क्लबच्या मैदानावर उभा असतो. पीएक्स४ चा झुरिचमध्ये. पॅकेटे तीच, उत्तरे तीच. तिथे दहा वेळा आपटा. मग चार्जर काढा.

खरे उड्डाण, आणि लिंक तुटते तेव्हा

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतच उडवता येते, आणि आपले मैदान हिरव्यात आहे का ते सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर बघावे लागते. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या बाजूच्या कॉलेजांनी तर आधी तेच बघावे.

माणसे वाटून घ्या. एक रिमोटवर, एक लॅपटॉपवर, एक ड्रोनकडे बघणारा. गटात चौथा असतो, तो पीपीटी करतो. ड्रोनकडे बघणाऱ्याने लॅपटॉपकडे बघायचे नाही. ही शिस्त पहिल्या मिनिटात मोडते, कारण पडद्यावर रंग आहेत आणि आकाशात ऊन.

लिंक तुटणारच. ड्रोन इमारतीमागे जाईल, लॅपटॉपला नेमके तेव्हाच अपडेट आठवेल, किंवा पाय लागून रेडिओची यूएसबी निघेल. लॅपटॉपचा हार्टबीट थांबला की ड्रोनही मोजू लागतो. आर्डुकॉप्टर मूळ सेटिंगप्रमाणे पाच सेकंद वाट बघतो, पीएक्स४ दहा. मग काय करायचे ते तुम्ही आधी ठरवलेले असते: जागीच उतर, घरी ये, किंवा चालू दे. ठरवलेले नसेल तर तेही एक उत्तर धरले जाते. हा फेलसेफ आपोआप चालू असेल असे समजू नका, सेटिंग उघडून डोळ्यांनी बघा.

घरी ये निवडलेत तर दोन गोष्टी. घर म्हणजे ड्रोन आर्म केला ती जागा. गच्चीवर आर्म करून मैदानात उतरलात तर तो गच्चीवर जाईल. आणि आर्डुकॉप्टर घरी निघताना मूळ सेटिंगप्रमाणे १५ मीटरपर्यंतच वर चढतो, मग नाकासमोर सरळ. कॉलेजची इमारत चार मजली, वर पाण्याची टाकी. इमारतीमागे गेला म्हणून लिंक तुटली होती, हे तुम्हाला आठवते आहे. ड्रोनला इमारत माहीत नाही. परतीची उंची आवारातल्या सगळ्यात उंच गोष्टीहून जास्त ठेवा, नारळ धरून.

लॉग

दोन लॉग असतात. लॅपटॉपवरचा टीलॉग, त्यात जमिनीवर जे ऐकू आले आणि जमिनीवरून जे बोलले गेले ते सगळे. दुसरा फ्लाइट कंट्रोलरच्या मेमरी कार्डावर, त्यात ड्रोनवर खरोखर जे झाले ते. दोन्ही एकाच आलेखावर ठेवा. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असे जे सापडेल, त्यावर रिपोर्टाचे चौथे प्रकरण लिहा. पहिली तीन प्रकरणे सगळ्यांची सारखीच असतात.

टीलॉगचा शेवट नेहमी समाधानी असतो. अवस्था ४, उंची २२ मीटर, बॅटरी ठीक, आणि पुढे काही नाही. तरी शेवटचे ठिकाण सांगणारा संदेश त्यात सापडतो, आणि त्याच संदेशात उत्तरेकडचा व पूर्वेकडचा वेगही असतो, सेंटिमीटर प्रतिसेकंदात. शोधताना त्या ठिकाणी घुटमळू नका. तिथून त्या वेगाच्या दिशेने चालत जा. बहुधा हॉस्टेलमागची घाणेरीची झुडपे लागतील. आत जायला पीपीटी करणाऱ्याला पाठवा. त्याला शेवटच्या स्लाइडसाठी फोटो हवाच आहे, आणि येताना मेमरी कार्ड तेवढे काढून आण म्हणावे.